गेम बनवायला पैसा देतं कोण? (बजेट, लॅब, रमी आणि आमचा लिलाव)

पोकळ_बांबू | ३ फेब्रुवारी २०२६, रात्री ११:४०

रविवारी बजेट झालं आणि जेवायच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर काकाचा मेसेज, "अरे तुझ्या गेमवाल्यांना सरकारने पैसे दिले बघ, आता तरी मार्गी लाग". म्हटलं बघू तरी. तर काय, एव्हीजीसी म्हणजे ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स, या सगळ्यांसाठी १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० कॉलेजांत 'कंटेंट क्रिएटर लॅब' काढणार, मुंबईच्या आयआयसीटी या सरकारी संस्थेला हाताशी धरून. २०३० पर्यंत या क्षेत्रात २० लाख माणसं लागणार असं गृहीत आहे.

लॅब काढा की, माझं काही म्हणणं नाही, मी शाळेत असताना असती तर मी तिथेच झोपलो असतो. पण ही २० लाख पोरं शिकून बाहेर पडल्यावर कुणाचे गेम बनवणार?

माझं सांगतो. पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत (नाव विचारू नका) नऊ वर्षं प्रॉप आर्टिस्ट होतो. प्रॉप म्हणजे गेममधल्या वस्तू, खुर्च्या, दिवे, बादल्या. एका परदेशी गेमसाठी अडीच महिने मी फक्त बंदरावरचं सामान केलं, लाकडी खोके, दोरखंड, माशांच्या टोपल्या. आता माझं आजोळ हर्णै, माशाची टोपली कशी असते, तिच्या काठाला खवले कुठे चिकटतात, ओली झाली की खालून कशी काळी पडते हे मला कुणी सांगायला नको, पण रेफरन्सला पोर्तुगालची टोपली दिलेली म्हणून सहा वेळा फीडबॅक घेऊन घेऊन तीच बनवली. गेम आला, जगभर खपला. क्रेडिटमध्ये स्टुडिओचं नाव एका ओळीत, आमच्यापैकी कुणाचंच नाही. एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार, त्यामुळे पोर्टफोलिओतही टाकता येत नाही. म्हणजे नऊ वर्षांचं काम दाखवायला माझ्याकडे काय, तर स्वतः वेळ काढून केलेली एक ऑटोरिक्षा.

२०२३ ला नोकरी सोडली, मी आणि एक प्रोग्रामर मित्र. हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव यावर छोटा पीसी गेम. तुम्ही बोली लावता, होडीवाल्यांशी नातं सांभाळता, बर्फ संपतो, पापलेट मिळेनासं होतं वगैरे. १४ महिन्यांत डेमो झाला आणि पैसेही संपले. त्यानंतर पैशासाठी जिथे जिथे गेलो ते सगळं हळूहळू लिहितो, पण बँकेतल्या साहेबांचा पहिलाच प्रश्न ऐका: "गेम म्हणजे ते रमीवाल्यांचं का?"

---

खमंग_थालीपीठ | रात्री ११:५८

मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पापलेटाचं ऐकून भूक लागली ते वेगळंच.

---

काळी_माती | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

कडू वाटेल पण बोलतो. इकडे कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात गेलं, आणि पोरांनी मोबाईलमध्ये डोकं घालायचे खेळ बनवायला सरकारने पैसे द्यायचे? आमच्या गावात ऑनलाइन रमीने तीन घरं बसवलीत, एकाने तर ट्रॅक्टर विकला. गेमिंगवर बंदी आली तेव्हा मी पेढे वाटले. तुमचा गेम चांगला असेल तर लोक विकत घेतील ना भाऊ, सरकार कशाला पाहिजे मधे?

---

जुनी_कॅसेट | सकाळी ९:०५

काळी_माती, ट्रॅक्टरचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही जे म्हणताय तेच या धंद्याचं खरं दुखणं आहे. रमी, पोकर, फँटसी टीम यात पैसे लावायचे आणि हरायचे. गेम म्हणजे दुकानातून एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा, कॅरमसारखा. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन्हीला 'गेमिंग' हा एकच शब्द. इंडस्ट्रीचे आकडे फुगवून सांगायचे तेव्हा त्यातला मोठा वाटा या पैसेवाल्या खेळांचा, आणि आयपीएलच्या जाहिरातीही त्यांच्याच. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, मग ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच झाला आणि पैसे लावायचे खेळ बंद. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साध्या सोशल गेम्सना प्रोत्साहन द्या असंही लिहिलंय. पण तोवर साध्या गेम बनवणाऱ्यांच्या अंगाला तो वास लागला तो लागलाच. २०२४ मध्येच देशातल्या बऱ्याच स्टुडिओंनी सरकारला पत्र लिहिलं होतं की बाबांनो व्हिडिओ गेम आणि जुगार वेगळे धरा.

आणि मंत्रालयं बघा. ऑनलाइन गेमिंग आयटी खात्याकडे, ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे, एव्हीजीसी माहिती-प्रसारणकडे. तीन सासवांची सून.

एप्रिल २०२४ ला पंतप्रधान सात गेमर्सना भेटले ते आठवतंय का? 'नूब' (म्हणजे नवशिका) वाला व्हिडिओ. सगळे खेळणारे आणि स्ट्रीम करणारे, त्यात आपला यूट्यूबवाला मिथिलेश पाटणकरही होता, चांगली पोरं आहेत. पण गेम बनवणारा त्यात एकही नव्हता. नाटकावर चर्चा ठेवायची आणि प्रेक्षकांनाच बोलवायचं तसं झालं.

---

पोकळ_बांबू | सकाळी ९:४०

+१. कायदा झाल्यावर आमची काय गंमत झाली ऐका. आमच्या वेबसाइटवर गेमचं साउंडट्रॅक आणि स्टिकर विकायला पेमेंट गेटवे घेतलेला, महिन्याला फार तर दोन-तीन हजार यायचे. सप्टेंबरमध्ये खातं होल्ड. कारण व्यवसायाच्या रकान्यात 'गेमिंग' लिहिलेलं. सात आठवडे ईमेल, वकिलाचं पत्र, 'आमच्या गेममध्ये खरे पैसे लागत नाहीत, बोली माशावर लागते' असं प्रतिज्ञापत्र. शेवटी रकान्यात 'सॉफ्टवेअर' लिहून दुसरीकडे खातं काढलं.

---

नफा_तोटा | सकाळी ११:२०

धाग्यात फारच रडारड चाललीय म्हणून दुसरी बाजू. मी फंडात काम करतो (गेमिंगच्या नाही). पैसा आहे. लुमिकाई हा फंड २०२० पासून फक्त गेमिंग आणि इंटरॅक्टिव्ह मीडियात पैसे घालतंय. तुमच्या पुण्यातल्याच सुपरगेमिंगने २०२१ मध्ये ५५ लाख डॉलर उभे केले आणि २०२४ मध्ये 'इंडस' हा गेम बाजारात आणला. कोरियाच्या क्राफ्टनने इनक्युबेटर काढलाय, छोट्या टीमला ५० हजार ते दीड लाख डॉलर देतात. रिअल क्रिकेटवाल्या नॉटिलसमध्ये त्यांनीच गेल्या वर्षी बहुसंख्य हिस्सा घेतला. नझारा ही गेमिंग कंपनी २०२१ ला शेअर बाजारात आली, ११०१ चा भाव होता इश्यूला.

प्रश्न पैशाचा नाही, परताव्याचा आहे. आपलं पब्लिक गेमसाठी पैसे मोजत नाही. फोनवर फुकट खेळतं आणि जाहिरात बघतं. मासळी लिलावावरचा पीसी गेम, एकदाच विकायचा, दोन माणसांची टीम, याच्यात मी गुंतवणूकदार म्हणून काय बघू? दहापट कुठून येणार? हे तोंडावर सांगणारा माणूस तुमचा शत्रू नसतो.

---

पोकळ_बांबू | दुपारी १२:१०

शत्रू कोण म्हणतंय, तुमचं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. व्हीसीला (व्हेंचर कॅपिटलवाल्याला) कंपनी पाहिजे, गेम नाही. तो त्याच्या जागी बरोबर. पण मग एकेका गेमला पैसे देणारं कुणीतरी दुसरं पाहिजे ना? बाहेर ते काम पब्लिशर करतो किंवा सरकारी फंड करतो. आपल्याकडे मधली पायरीच नाही. खाली शिकवायला लॅब, वर कंपन्यांना व्हीसी, आणि मधले अठरा महिने, म्हणजे प्रोटोटाइप झाल्यापासून गेम दुकानात लागेपर्यंत, त्याला बाबांची एफडी.

हिशोब सांगतो, लपवायचं काय. दोघांचा घरखर्च मिळून ७५ हजार, संगीत-आवाज, बाहेरून करून घेतलेलं ॲनिमेशन, लायसन्स, सीए, धरून महिन्याला एक लाख दहा हजार. अठरा महिने म्हणजे २० लाखाच्या आसपास. मुंबईत वन आरकेचं डाऊन पेमेंट होत नाही यात.

---

जुनी_कॅसेट | दुपारी १२:३५

बाबांच्या एफडीवरून आठवलं, भारतातल्या सगळ्यात गाजलेल्या इंडी (छोट्या स्वतंत्र टीमच्या) गेमची गोष्ट हीच आहे. 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. २०१७ ला किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली ती फसली, मग संस्थापकांपैकी अविचल सिंगने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. पुढे एपिक या अमेरिकन गेम कंपनीचं अनरियल डेव्ह ग्रँट मिळालं, परदेशी पब्लिशर मिळाला, २०२० ला गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या गटात नामांकनात होता. सगळे लेख कौतुकाने लिहितात, "फ्लॅट विकून स्वप्न पूर्ण केलं". मला ते कौतुक कधी झेपलंच नाही. ज्याच्याकडे फ्लॅटच नाही त्याने काय विकायचं?

जरा इतिहास सांगतो, काठावरच्या तरुण मंडळींसाठी. १९९७ ला बेंगळुरूत ध्रुव, १९९९ ला मुंबईत इंडियागेम्स. ध्रुव बाहेरच्यांसाठी आर्ट करून मोठी झाली आणि २०१९ मध्ये जीटीएवाल्या रॉकस्टारने विकत घेतली, ७९ लाख डॉलरला. इंडियागेम्स डिस्नेकडे गेली. २००९ मध्ये सोनीसाठी हैदराबादच्या एका कंपनीने पीएस-२ (प्लेस्टेशन-२) वर 'हनुमान: बॉय वॉरियर' केला, भारतात पूर्ण बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून गाजावाजा झाला. मी घेतला होता. रिव्ह्यू वाईट आले ते खोटे नव्हते. पण पीएस-३ बाजारात येऊन दोन वर्षांहून जास्त झाल्यावर, अनुभव नसलेल्या टीमने, थोडक्या पैशात केलेलं काम होतं ते. दुसरा, तिसरा गेम करायला मिळाला असता तर बनले असते तयार. आपल्याकडे पहिल्या गेमवरच निकाल.

लुडो किंगचं उदाहरण कुणी द्यायच्या आत मीच देतो. नवी मुंबईची गेमेशन, २०१६ चा गेम, व्हीसी नाही काही नाही, लॉकडाऊनमध्ये देशभर आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यावर. होतं असंही. पण पावसाळ्यात एका घरावर वीज पडली म्हणून कुणी विजेवर घर चालवायला घेत नाही.

---

स्पष्ट_बोलतो | दुपारी १:५०

आपल्या लोकांना क्वालिटी देता येत नाही हे मान्य करा आधी. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने प्रिन्स ऑफ पर्शियाचा रिमेक आपल्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंना दिला, २०२० ला ट्रेलर आला आणि जगात हसं झालं. २०२२ ला काढून मॉन्ट्रियलला नेला. विषय संपला.

---

थंडीतला_कोल्हापुरी | दुपारी ३:३० (इथे कॅनडात मॉन्ट्रियलला पहाटेचे ५, झोप येत नाही)

विषय संपला नाही भावा, तू सिनेमा इंटरव्हलला सोडलास. मॉन्ट्रियलला नेला, इथे चार वर्षं गेली, आणि गेल्या महिन्यात युबिसॉफ्टने तो अख्खा रद्दच केला, सोबत आणखी पाच. म्हणजे जिथे १९९७ पासून स्टुडिओ आहे, हजारो माणसं आहेत, तिथेही नाही निघाला. मग पुण्याला तेवढं नापास करायचं कारण काय? वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गेमला हातभार लावलेल्या टीमला एकदम पूर्ण गाडा ओढायला दिला आणि पहिल्याच ट्रेलरवर झोडपलं. लीड करायला लीड केल्याशिवाय येत नाही. (मी दुसऱ्या कंपनीत आहे, आतली माहिती काही नाही, जे छापून आलं तेवढंच बोलतोय.)

आता पैशाचं. इथे क्युबेकमध्ये सरकार कुणाला गेम निवडून पैसे देतं असं फारसं नाही, पगारावर टॅक्स क्रेडिट देतं. १०० रुपये पगार दिला तर ३७.५० पर्यंत परत, त्यातले साडेसात फ्रेंचमध्ये गेम काढलास तर. म्हणून सगळ्या मोठ्या कंपन्या इथे. चांगलं-वाईट दोन्ही सांगतो. चांगलं म्हणजे शहरात अनुभवी माणसांचा साठा झाला, त्यातली काही बाहेर पडून स्वतःचे छोटे स्टुडिओ काढतात. वाईट म्हणजे बराच पैसा परदेशी मालकांच्या खिशात, आणि छोट्या स्टुडिओने घडवलेला माणूस मोठा स्टुडिओ त्याच क्रेडिटच्या जोरावर उचलतो. २०२४ च्या बजेटमध्ये इथेही हात आखडता घेतला सरकारने.

जर्मनीने वेगळं केलं, २०१९ पासून थेट प्रकल्पाला अनुदान. इतके अर्ज आले की २०२३ मध्ये मधेच अर्ज घेणं बंद करायला लागलं. पोलंडमध्ये 'विचर' गेमवाल्या सीडी प्रोजेक्टलाही सरकारी संशोधन निधी मिळालाय. फिनलंडच्या सुपरसेल या मोबाईल गेम कंपनीला सुरुवातीला तिथल्या सरकारी संस्थेने चार लाख युरो कर्ज दिलं होतं, ते पैसे नंतर करातून किती पटीने परत आले ते विचारू नका. काळी_माती, तुमच्या "लोक विकत घेतील ना" ला हे उत्तर. गेम कापसासारखाच आहे हो, पेरणीला पैसे आधी लागतात, भाव नंतर कळतो. पीककर्ज तुम्हाला मिळतं (मिळायला पाहिजे), यांना तेही नाही.

---

काळी_माती | संध्याकाळी ६:२०

पीककर्जाचं बोललात ते पटलं थोडं. थोडंच. आम्हाला तरी सातबारा ठेवायला लागतो, तुम्ही काय ठेवणार? पापलेट?

---

खमंग_थालीपीठ | संध्याकाळी ६:२२

हाहाहा, काळी_माती रॉक्स!

---

पोकळ_बांबू | रात्री ८:४५

हेच ना. बँकेच्या साहेबांनी हेच विचारलं, पण इतकं मजेशीर नाही.

सीड फंडाचं सांगायचं राहिलं. स्टार्टअप इंडिया सीड फंड होता, २०२१ ला ९४५ कोटींची योजना, त्यात संकल्पना सिद्ध करायला २० लाखापर्यंत अनुदान. वरचा माझा हिशोब बघा, बरोब्बर २० लाख! मी तर नाचलोच. पैसे थेट मिळत नाहीत, इनक्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने. एका इनक्युबेटरकडे गेलो, नाव घेत नाही. पॅनलवर तिघं, एक शेतीयंत्रवाले, एक औषधवाले, एक बहुतेक कुणाच्या तरी ऐवजी आलेले. पेटंट काय आहे? म्हटलं नाही. कुठली समस्या सोडवता? म्हटलं संध्याकाळी साडेसातला काय करायचं ही. कुणी हसलं नाही. डेमो चालवून दाखवला, बोली लावताना जो गलबला होतो तो आवाज आम्ही खरा रेकॉर्ड केलाय, लॅपटॉपचा आवाज वाढवला तर शेतीयंत्रवाले पुढे वाकून बघायला लागले, "सुरमई चारशेला जाईल का?" म्हणाले. तेवढ्यात वेळ संपली.

आणि शेवटी अडलं कुठे, तर अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. आमची नोंदणी नोकरी सोडायच्या आधीच उत्साहात करून ठेवलेली. दोन वर्षं सात आठवडे. चूक आमचीच, नियम आधी वाचायला हवा होता. नवीन कुणी उतरत असेल तर लक्षात ठेवा: आधी प्रोटोटाइप, मग कंपनी.

---

तिरफळ | रात्री ९:३०

गोव्यातसून नमस्कार, उशिरा आलो. सोनीच्या इंडिया हिरो प्रोजेक्टचं कुणीच बोललं नाही. २०२३ पासून भारतातले निवडक गेम घेतात, मदत करतात, प्लेस्टेशनवर आणतात. 'फिशबोल' त्यातलाच, दोन माणसांच्या स्टुडिओचा. एक मुलगी नव्या शहरात एकटी, घरात बसून काम करते, आजीचं सामान उघडते, घरच्यांना फोन करते. मारामारी नाही काही नाही. असा गेम इथे कुणी करतंय आणि सोनी त्याच्या पाठी आहे हे मला फार वाटतं.

कन्सोलचं एक सांगतो, मी एका टीमबरोबर होतो (ती वरची नव्हे). डेव्ह किट म्हणजे गेम बनवायला लागतो तो खास कन्सोल, कंपनी उसना देते, विकत नसतो. आमचा कस्टममध्ये अडकला. बाजारात किंमतच नाही तर ड्युटी कशावर लावायची? साहेब म्हणतात बिल दाखवा, आम्ही म्हणतो बिल नाही, उसना आहे. साहेब म्हणतात मग फुकट कसा आला. तीन महिने. तोवर मुदत गेली. याला सरकारचे पैसे लागत नव्हते, एक परिपत्रक पुरलं असतं.

---

सहावीचा_तास | रात्री १०:१५

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका. धागा वाचतेय कालपासून, गेममधलं फार कळत नाही. दोन गोष्टी. एक, आमच्या शाळेत आधीची संगणक लॅब आहे, अकरा मशीन, चालू चार, वीजबिल शाळा भरते. नवीन लॅब आली तर शिकवणार कोण? मीच ना? दुसरी, माझा मुलगा बारावीला आहे, त्याला गेम डिझाईन करायचंय. एका खासगी संस्थेने तीन वर्षांचे अकरा लाख सांगितलेत, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. कर्ज काढावं का?

---

पोकळ_बांबू | रात्री १०:४०

ताई, थांबा जरा, अकरा लाख भरू नका लगेच. माझ्या आधीच्या स्टुडिओत मुलाखती मी घ्यायचो. सर्टिफिकेट आम्ही उघडून बघत नव्हतो, देवाशपथ. पोर्टफोलिओ बघायचो. त्याला म्हणावं ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायला) आणि गोडो (गेम बनवायला) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पूर्ण गेम कर, दहा मिनिटांचा पण पूर्ण. मेनू, सेव्ह, शेवट, सगळं असलेला. अर्धवट दहा केले तर उपयोग नाही. तो झाल्यावरही आवड टिकली तर बोलू. आयआयसीटीत तोवर काय काय अभ्यासक्रम येतात तेही बघा, जवळपास ४०० कोटी लागलेत तिथे, गेल्या जुलैपासून पेडर रोडला सुरू झालंय, पुढे गोरेगावच्या फिल्मसिटीत जाणार.

लॅबचं तुम्ही बोललात ते मी लिहायला हवं होतं. चार चालू मशीनवर गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत तास संपेल.

---

जोडाक्षर | रात्री ११:५५

तांत्रिक माणूस आहे, पैशाचं कळत नाही, पण पैसे कुठे लागतात ते कळतं. मराठीत गेम करायचा म्हटलं तर पहिला धोंडा काय, तर अक्षरं. युनिटी या गेम इंजिनचं नेहमीचं टेक्स्ट वापरा आणि 'किंमत' लिहा, पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. 'क्ष' फुटतो, 'र्‍या' चा तर पत्ताच नसतो. अनरियल या दुसऱ्या इंजिनमध्ये बरं आहे. मग पोरं काय करतात, प्रत्येक वाक्याचं चित्र बनवून चिकटवतात, किंवा सरळ इंग्रजीत करतात. मी तीन महिने रात्री बसून आमच्या गेमपुरतं ठीक केलं. आता हे काम देशातली प्रत्येक टीम आपापलं करतेय, हिंदीवाले वेगळं, मराठीवाले वेगळं. दोन माणसांना वर्षाचा पगार देऊन हे एकदाच नीट करून सगळ्यांना फुकट वाटलं तर एका लॅबच्या एसीपेक्षा स्वस्त पडेल.

---

नफा_तोटा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

जोडाक्षर, हे मला आवडलं. यात परतावा नाही पण कुणीतरी करायलाच पाहिजे असं आहे, आणि सरकार त्यासाठीच असतं.

महाराष्ट्राच्या धोरणाचं कुणी काढलं नाही अजून. सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर (एक्सआर म्हणजे व्हीआर वगैरे) धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटी, २०५० पर्यंत. भागाकार केला तर वर्षाला १३० कोटी, सगळी क्षेत्रं मिळून. कर्नाटकचं पहिलं धोरण २०१२ चं आहे, आता त्यांचं तिसरं चालू. आपण उशिरा निघालो आणि पार्क-जमीन यांच्यात रमलो असं होऊ नये एवढंच. १३० पैकी ५ कोटी जरी काढले तर पोकळ_बांबू यांच्या हिशोबाने वर्षाला पंचवीस टीम होतात. पंचवीसपैकी वीस बुडतील हे गृहीत धरूनच. बुडलेल्यांची माणसं पुढच्या पाचात जातात. हे मी फंडवाला म्हणून सांगतो, नाहीतर म्हणाल दगडाचं काळीज.

---

स्पष्ट_बोलतो | सकाळी ९:३०

आणि त्या पंचवीस टीम निवडणार कोण? आमदाराचा भाचा पहिला नंबर. लिहून घ्या.

---

थंडीतला_कोल्हापुरी | सकाळी १०:१०

या वेळी स्पष्टशी सहमत (देवा!). म्हणून अट एकच ठेवा: चालणारा डेमो. कागद नको, पीपीटी नको, पॅनलने अर्धा तास स्वतः खेळायचा. भाचा पीपीटी विकत आणेल, डेमो आणताना घाम फुटेल.

---

काळी_माती | दुपारी १:३०

तुमच्या गेममध्ये दलाल आहे का? लिलावात दलाल नसेल तर तो गेम खोटा.

---

पोकळ_बांबू | दुपारी २:०५

आहे! त्याचं नाव ठेवलंय भाईशेट, आणि तो कर्जही देतो, आगाऊ. होडीला डिझेल भरायला पैसे देतो आणि मग मासळी त्याच्याच भावाने घालायला लागते. सुरुवातीला खेळणाऱ्याला तो देव वाटतो.

---

काळी_माती | दुपारी २:११

मग मला पाठवा तो डेमो. आमच्याकडे पोराचा लॅपटॉप आहे, जुना आहे, चालेल का?

---

पोकळ_बांबू | दुपारी २:१५

चार जीबी रॅम असेल तर चालेल, सेटिंगमध्ये पाण्याची क्वालिटी कमी करा. लिंक व्यनि (खासगी निरोप) केलीय. जोडाक्षर, तुम्हालाही केलीय, आमच्याकडे अजून 'सुरमई' ची वेलांटी हलते, जरा बघाल का? शनिवारी संध्याकाळी डेक्कनला चार-पाच जण बसतोय, आपापले लॅपटॉप घेऊन या. ताई, मुलालाही पाठवा.

---

जोडाक्षर | दुपारी २:४०

बघितलं. सुरमईत वेलांटीच नाही, 'ई' स्वतंत्र स्वर आहे, त्याच्या डोक्यावरचं रफारासारखं चिन्ह तुमच्या फॉन्टमध्ये वेगळा आकार (ग्लिफ) म्हणून पडलंय आणि शेजारच्या अक्षरावर चढतंय. फॉन्टच बदला. शनिवारी येतो.